गोलामागची खुर्ची

रविवार, ७ सप्टेंबर

ही वही यमुना ज्ञानोबा गव्हाणे हिची. राहणार बार्शी, सध्या मुक्काम पिस्कॅटवे, न्यू जर्सी, मुलाच्या घरी. शिक्षण चौथी पास. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण वाचणार कोण आहे? मीच.

वही अनिकाने दिली. अनिका माझी नात, सत्यजितची एकुलती एक. सोळा पूर्ण झाली. माझं डोकं तिच्या खांद्याला लागतं. ती फुटबॉल खेळते आणि त्यात ती गोलकीपर आहे. दहा जणी ऊर फुटेस्तोवर पळतात आणि माझी एकटी जाळ्यापुढे उभी. पहिल्या दिवशी मी सत्यजितला विचारलं, हिचं काय चुकलं रे, हिला एकटीला का उभी केली? सत्यजित इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. ह्यांना जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून पोराला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यासाठी अमेरिकेला आले तरी वसूल झालं म्हणायचं.

तिला शिकवणारा माणूस जर्मन आहे. नाव हेल्मूट. मागच्या रस्त्यावर एकटेच राहतात. साठीच्या पुढचे, ताडमाड, आणि हाताची बोटं सगळी वाकडीतिकडी, मोडून मोडून जुळलेली, आल्याच्या गड्ड्यासारखी. जर्मनीत गोलकीपर होते, मग अमेरिकेत येऊन खेळले, मग इथलेच झाले. सदानकदा टोपी आणि काळा चष्मा, घरात बसले तरी. मी त्यांना हेल्मूटभाऊ म्हणते, ते मला फ्राऊ आजी म्हणतात. त्यांच्यात बाईमाणसाला फ्राऊ लावतात म्हणे.

माणूस दिलदार. गेल्या आठवड्यात सफरचंदाचा केक घेऊन आले, तुम्ही नवीन आलात म्हणून केला म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केक, पुन्हा तेच म्हणाले. मी दोन्ही ठेवून घेतले. देणाऱ्याला नाही म्हणू नये.

तर त्यांचा एक नियम आहे. खाल्लेला प्रत्येक गोल वहीत लिहायचा. तारीख, कितवं मिनिट, मी कुठे उभी होते, काय दिसलं, काय करायला हवं होतं. वाचवलेले लिहायचे नाहीत, ते लोक लिहितात. अनिकाची अशी वही आहे. तिने एक माझ्यासाठीही आणली. मी म्हटलं, मी कुठले गोल खाणार, मला दाढा नाहीत. तर म्हणते, "आजी, यू टॉक सो मच! थोडं लिहून काढ ना."

पंचवीस ऑक्टोबरला मोठी मॅच आहे. कॉलेजवाले बघायला येणार. त्यांना पटली तर कॉलेजच्या संघात घेतात, पुढचा रस्ता मोकळा. पोरीने कॅलेंडरवर लाल खूण केली आहे. म्हणते, "आजी, धिस इज इट." एकच दिवस, तेवढ्यावर सगळं. गिरिजा, माझी सून, म्हणते कॉलेज अभ्यासाने पण मिळतं. मायलेकींचं यावरून रोज वाजतं. मी मध्ये पडत नाही. मध्ये पडलेली सासू आणि दुधात पडलेली माशी सारखीच, आधी तिलाच बाहेर काढतात.

रविवार, १४ सप्टेंबर

आज ह्यांच्या नावाने घास ठेवला. कावळा काही आला नाही, मोठी मोठी बदकं आली आणि भजी, खीर सगळं साफ करून गवतावर घाण करून गेली. ह्यांना हे आवडलं असतं. एसटीत कंडक्टर होते, जो चढेल त्याला जागा द्यायचे.

संध्याकाळी अनिका मांडीवर डोकं ठेवून म्हणाली गोष्ट सांग. तिला बार्शीच्या गोष्टी फार आवडतात. मी थोरल्या जाऊबाईंची सांगितली. नणंदेचं एका मुलावर मन होतं, ते जाऊबाईंना कळलं. कुणाला सांगणार नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि आठ दिवसांत धुणं धुताना बोलून बसल्या. महिन्याच्या आत पोराला घटसर्प झाला. चार वर्षांचं सोन्यासारखं पोर गेलं. डोक्यावरची शपथ मोडली की ती त्याच डोक्यावर येते.

अनिका म्हणाली, "आजी, दॅट्स जस्ट डिप्थीरिया. व्हॅक्सीन नव्हतं."

"असेल. पण मग बाकीच्या पोरांना का नाही झाला?"

तिने मांडीवर कूस बदलली. हुशार असली तरी हे शाळेत शिकवत नाहीत.

शनिवार, २० सप्टेंबर

मॅच जिंकलो. मी आता प्रत्येक मॅचला घडीची खुर्ची घेऊन गोलाच्या मागे बसते. हेल्मूटभाऊंनीच बसवलं. म्हणाले, कीपरच्या मागे तिचं कुणी असलं की तिची पाठ राखली जाते. बाकीचे आईबाप तिकडे लांब बाजूला कॉफी पीत बसतात. जाळ्यातून मला सगळं दिसतं. पोरगी बॉलकडे बघत मागे न वळता विचारते, "आजी, थंडी वाजते का?" मी म्हणते, तू पुढे बघ.

भाऊ एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, अनिकाने मला मराठीत सांगितली. बॉल येताना बघून लाइनवर थांबायचं की बाहेर यायचं, हे कीपरने ठरवायचं. यायचं तर पूर्ण यायचं. आणि वेळेत यायचं. जो विचार करत अर्ध्यात उभा राहतो तो गोल खातो. मला वाटलं, हे सुनांना पण सांगायला हवं.

शनिवार, २७ सप्टेंबर

आज लिहू की नको असं झालं. पण वही माझी आहे.

अनिका उजवीकडे झेपावली, बॉल अडवला, आणि डोकं लोखंडी खांबावर. टण्ण असा आवाज आला. मी खुर्चीतून उठले, तोवर ती उठून उभीसुद्धा राहिली, अंगठा दाखवला, टाळ्या झाल्या. सगळ्यांनी बॉल बघितला. खांब फक्त मी बघितला. गिरिजा, सत्यजित आले नव्हते, नवरात्रीच्या कार्यक्रमाची तयारी होती. हेल्मूटभाऊ दुसऱ्या मैदानावर लहान पोरींना शिकवत होते.

मैत्रिणीच्या आईने गाडीतून घरी सोडलं. पोरगी बाथरूममध्ये गेली ती भडाभडा ओकली. मी पाठ चोळली. कानाच्या वर बोराएवढं टेंगूळ. मी म्हटलं, थांब, आईला फोन लावते. तर तिने माझा हातच धरला.

"नो, आजी! मम्मीला नाही सांगायचं. डोक्याला लागलं म्हटलं की खेळू देत नाहीत. रूल आहे. डॉक्टर सोडेपर्यंत बाहेर बसवतात. चार आठवड्यांनी माझी मॅच आहे, आजी. मम्मीला तर निमित्तच हवंय."

"अगं पण दुखतंय ना?"

"थोडंसं. उद्या बरं होईल. शपथ घे."

आणि माझा हात उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला. टेंगूळ माझ्या तळहाताखाली गरम लागत होतं. "म्हण. मम्मीला नाही, बाबाला नाही, हेल्मूटला तर बिलकूल नाही. माझी शपथ."

मी घेतली. काय करणार? नातीचं भिजलेलं तोंड बघवत नाही. आणि एका गोष्टीचा, खरं लिहिते, आनंद झाला. घरात एवढी माणसं असताना तिने गुपित मला दिलं. सुंठ उगाळून कपाळाला लावली. लगेच झोपली.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

आज घरात आनंदीआनंद. आम्ही दसऱ्याला ह्यांचं तिकिटाचं मशीन पुजायचो. इथे गिरिजाने लॅपटॉप मांडला, सत्यजितने गाडीची किल्ली, आणि मी अनिकाचे हातमोजे मांडले. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मोजे काय ते, एकेक परातीएवढा! अनिका म्हणाली, "आजी, कुंकवाने ग्रिप जाईल." मी म्हटलं, देवाची ग्रिप येईल.

पोरगी आता हुबेहूब गुरूवर गेली आहे. घरात पण काळा चष्मा लावून बसते, पडदे ओढून घेते, टीव्हीचा आवाज नको म्हणते. आज तर श्रीखंड वाढलेलं असताना विचारलं, गोड काय आहे? मी गमतीने म्हटलं, झाला हेल्मूट! विद्या येते ती अशी, माणसाच्या सवयींसकट.

बुधवार, ८ ऑक्टोबर

डोकेदुखी जात नाही. मला कळलंय काय आहे ते. वीस तारखेच्या मॅचनंतर सगळ्या बायका तिच्याभोवती जमून कौतुक करत होत्या. दृष्ट लागली.

गिरिजा जर्सी सिटीला ऑफिसात, सत्यजित खाली कानाला ते लावून मीटिंगमध्ये. मीठ-मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या तिच्यावरून उतरल्या, तव्यात टाकल्या. दोन मिनिटांत छतावरचं ते धुराचं यंत्र किंचाळायला लागलं! एक थांबेना तोवर दुसरं, मग जिन्यातलं तिसरं. सत्यजित धावत वर आला, टॉवेलने वारा घालतोय, मी खिडक्या उघडतेय. "आई, काय जाळलंस?" मी म्हटलं, मिरच्यांची चटणी करत होते. हसू आवरेना.

मग बघितलं तर अनिका दोन्ही हातांनी कान दाबून जमिनीवर बसली होती. भिंतीला टेकून, डोळे घट्ट मिटून. यंत्र बंद झाल्यावरसुद्धा बराच वेळ तशीच.

एक लिहून ठेवते. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही. म्हणजे दृष्ट फारच कडक होती.

रविवार, १२ ऑक्टोबर

हेल्मूटभाऊंनी आम्हा दोघींना कॉफीला बोलावलं होतं. मी शेंगाचटणी नेली. भाऊंनी चमचाभर तोंडात टाकली आणि लाल होऊन खोकत बसले, तरी बरणी परत देईनात.

घर एकदम स्वच्छ, पण जिथे तिथे चिठ्ठ्या. गॅसजवळ चिठ्ठी, दाराला चिठ्ठी, फोनजवळ मुलीचं नाव आणि ती रविवारी फोन करते अशी चिठ्ठी. शिस्त असावी तर अशी. नाहीतर आमचा सत्यजित, चष्मा कपाळावर आणि शोधतो घरभर.

मग त्यांनी वह्या काढल्या. अकरा वह्या, सगळ्या आयुष्याचे खाल्लेले गोल. अनिका मराठीत सांगत होती, मी ऐकत होते. बाप कोळशाच्या खाणीत होता. हे नऊ वर्षं मोठ्या संघात होते पण दुसरे कीपर म्हणून, पहिल्याचं काही मोडलं तरच खेळायचं. नऊ वर्षं बाकावर! आमच्या ह्यांना प्रमोशन मिळालं नाही तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. शेवटी दोन वर्षं खेळायला मिळाली. एका मॅचमध्ये दोन पेनल्टी अडवल्या, गावाने खांद्यावर घेतलं. मग इकडे अमेरिकेत आले, छपराखाली खेळतात त्या फुटबॉलात. तिथे चांगलं नाव झालं. मोठा संघ बोलावणार होता, आठवड्यावर करार आलेला.

इथे भाऊंनी मूठ वळून कानाच्या वर मारली. एकदा, दोनदा. मग बराच वेळ बोलले. हळू आवाजात, अनिकाकडे बघत.

मी विचारलं, काय म्हणाले?

अनिका म्हणाली, "त्यांचा गुडघा गेला. म्हणून खेळणं संपलं."

अरेरे. पण गुडघा म्हणताना माणूस डोक्याला हात का लावतो? नशिबाला लावत असतील, आपण नाही का कपाळाला लावत. शेवटची वही उघडून त्यांनी शेवटचं पान दाखवलं. तारीख आहे, मिनिट आहे. मी कुठे उभा होतो, काय दिसलं, तिथे काहीच नाही. कोरं. अकरा वह्यांत बाकी एक ओळ कोरी नाही.

अनिकाने केक खाल्ला नाही. येताना आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून विचारलं, "आजी, लेफ्ट की राइट?"

गुरुवार, १६ ऑक्टोबर

गणितात नापास. शाळेतून ईमेल आली. गिरिजा ट्रेनमधून उतरली तीच तणतणत. "फोन, फोन, फोन! रात्रंदिवस फोन आणि तो बॉल!" अनिका म्हणाली, "आय कान्ट रीड इट, मम्मी, अक्षरं हलतात." "अक्षरं हलत नाहीत, तुझं लक्ष हलतं!"

मी जिन्यात उभी होते. तोंड उघडलं आणि मिटलं. जाऊबाईंचं पोर डोळ्यापुढे आलं. त्याला नेताना पांढरी टोपी घातली होती.

सोमवार, २० ऑक्टोबर. अंघोळीची दिवाळी.

पहाटे सगळ्यांना उठवलं. उटणं, सुवासिक तेल, मोती साबण बार्शीहून आणलेला. इतका आनंद होता मला, आठ वर्षांनी नातीला अभ्यंग घालायचं. पाटावर बसवली, तेल कोमट केलं, टाळूवर घातलं. बोटं कानाच्या वर गेली आणि पोरगी रडायला लागली. ओरडली नाही, नुसतं पाणी वाहत होतं.

टेंगूळ कधीच उतरलं आहे. तिथे काहीच हाताला लागत नाही. मग दुखतंय काय?

मी म्हटलं, "अनू, मला शपथेतून सोडव. तूच सोडवलीस तर मोडत नाही."

"पाच दिवस, आजी. फक्त पाच दिवस. मग सोडवते. प्रॉमिस."

कारीट फोडलं नाही. इथे मिळत नाही. गिरिजाने चेरी टोमॅटो दिला होता, तो मी विसरले.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज जे झालं ते आधी लिहिते, लक्ष्मीपूजन मग.

दुपारी मी एकटीच घरी. दारात हेल्मूटभाऊ. हातात केक नव्हता. आत आले, टोपी काढली, चष्मा काढला. पहिल्यांदा त्यांचे डोळे बघितले, निळे, आणि उजेडाने लगेच पाणी आलेले. मला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही. ते म्हणाले, "अनिका." मग मूठ वळून कानाच्या वर टेकवली. तिथेच, जिथे त्या कॉफीच्या रविवारी मारली होती. जिथे काल माझी बोटं होती. मग डोळ्यांपुढे हात हलवला. मग ओकल्यासारखं केलं. मग माझ्याकडे बोट आणि मान वाकडी करून बघितलं. यस? नो?

त्यांचा गुडघा गेला नव्हता. हे मला तेव्हा कळलं, उंबऱ्याजवळ, हातात पणतीच्या वाती असताना. चिठ्ठ्या, दोन केक, कोरं पान, सगळं एकदम. पोरीने मला खोटं सांगितलं होतं. त्या माणसाने तिला सगळं खरं सांगितलं, ते ऐकून तिने ते गुडघ्यावर ढकललं.

आणि मी काय केलं? मान हलवली. म्हटलं, "नो. अनिका गुड. गुड, गुड."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग टोपी घातली आणि गेले.

डोक्यावरची शपथ होती. त्याच डोक्यावरची. मोडावी तर त्या डोक्याला भोवेल, पाळावी तर तेच डोकं दुखतंय. जाऊबाईंना निदान असलं निवडावं तरी लागलं नव्हतं.

लक्ष्मीपूजन झालं. सगळे फोटोत हसले, मीसुद्धा.

रविवार, २६ ऑक्टोबर

काल मॅच झाली. झाली नाही म्हणा.

गिरिजाने सुट्टी काढली होती. सत्यजितने मोठा कॅमेरा. कॉलेजची माणसं वेगळी कळत होती, गळ्यात पट्ट्या, हातात पाट्या धरून लिहीत होती. मी माझी खुर्ची गोलाच्या मागे मांडली. अनिका येऊन जाळ्यापाशी उभी राहिली. चेहरा पिठासारखा.

पहिले दोन बॉल छान अडवले. लोक ओरडले. मला वाटलं, देवा, पार पाड, एवढा एक तास.

मग बॉल लांब पलीकडे होता. सगळ्यांची तोंडं तिकडे. अनिकाने खांब धरला. मैदानाकडे पाठ केली आणि जाळ्यातून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं डावीकडे. म्हणाली, "आजी, हा सेकंड हाफ आहे ना?"

चौदावं मिनिट चाललं होतं. मैदानावरच्या पाटीवर मोठ्या आकड्यांत होतं, मला पण वाचता येत होतं.

"मम्मी का नाही आली?"

मम्मी समोर पिवळ्या जॅकेटमध्ये उभी होती.

मी उठले. खुर्ची पडली. खांबाला वळसा घालून आत गेले, पांढरी रेघ ओलांडली. पायात गिरिजाचे जुने बूट, नऊवारीचा काष्टा, वर सत्यजितचं स्वेटर. बॉल परत आमच्याकडे येत होता, पाच-सहा पोरी घोड्यासारख्या त्याच्यामागे. मला दिसत होतं. मी अनिकाचं डोकं दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. शिट्टी वाजली, वाजतच राहिली. कुणीतरी हसलं. सत्यजित ओरडला, "आई! आई, काय करतेस? बाहेर हो!"

अनिका माझ्या छातीत म्हणत होती, "सोड, आजी. दे आर वॉचिंग. प्लीज. सोड ना." पण हाताने ढकलण्याइतका जोर तिच्यात नव्हता. एवढी माझी दांडगी पोरगी.

हेल्मूटभाऊ पळत आले. मी एक हात सोडवला, मूठ वळली आणि कानाच्या वर टेकवली. तोंडाने शब्द काढला नाही. पण देवाला असले वकिली डाव कळतात, शपथ मोडली ती मोडली. म्हटलं, काय यायचं ते माझ्या डोक्यावर येऊ दे, हे पंचाहत्तरीचं आहे, खूप झालं.

भाऊ मटकन गवतावर बसले.

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, कधी लागलं? अनिकाला तारीख सांगता येईना. मी सांगितली. सत्तावीस सप्टेंबर. गिरिजाने ते इंग्रजीत सांगितलं आणि सांगता सांगता थांबली. माझ्याकडे वळली.

"आई. चार आठवडे?"

मी माझे हात पदराखाली घेतले.

"चार आठवडे तुम्ही त्या डोक्याला तेल लावत होतात?"

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं होतं. मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आणि मी म्हणाले, अक्षरं हलत नाहीत."

रविवार, २ नोव्हेंबर

शाळा नाही, फोन नाही, पुस्तक नाही, उजेड नाही. मेंदू दुखावला आहे. पहिल्यांदा लागलं तेव्हाच गप्प पडून राहिली असती तर बहुतेक दोन-तीन आठवड्यांत उठली असती. वरून महिनाभर खेळली. आता किती महिने ते डॉक्टर सांगत नाही. खेळायचं पुन्हा कधी, असं सत्यजितने विचारलं, तर डॉक्टरने म्हणे दुसरंच काही सांगितलं. कॉलेजची माणसं आली तशी गेली.

अनिका माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट मी दाराशी ठेवते, रिकामं परत मिळतं. डाळिंबाचे दाणे सोडून. ते आधी आवडायचे.

दुपारी हेल्मूटभाऊ आले. सफरचंदाचा केक. हसत हसत गिरिजाला काही विचारलं. मी म्हटलं, काय म्हणतात?

"विचारतायत, त्या कॉलेजवाल्यांनी अनिकाला घेतलं का?"

भाऊ माझ्याकडे बघत होते, चांगली बातमी ऐकायला. मग मी पुन्हा मूठ वळली आणि कानाच्या वर टेकवली. आठ दिवसांत दुसऱ्यांदा त्या माणसाला सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा त्याला ते पहिल्यांदाच कळलं. केक टेबलावर ठेवला, खिशातून चिठ्ठी काढली, वाकड्या बोटांनी त्यावर लिहिलं. घरी जाऊन चिकटवतील कुठेतरी.

रविवार, ९ नोव्हेंबर

माझं परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे. गिरिजा काल म्हणाली, "आई, राहा अजून. ती उठेपर्यंत तरी." मी तिच्या हाताला हात लावला. आम्ही दोघी पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या आहोत. असं व्हायला नको होतं, पण झालं.

घडीची खुर्ची आता मी अनिकाच्या दाराबाहेर मांडली आहे. आत काळोख. कूस बदलल्याचा आवाज येतो. आज सकाळी आतून म्हणाली, "कोण आहे?" मी म्हटलं, मी. मग म्हणाली, "थंडी वाजते का?"

मी नाही म्हटलं. शाल ओढून तिथेच बसले.

हेल्मूटभाऊंची पद्धत आहे, आणि वही त्यासाठीच दिली होती. इतके दिवस मी नुसत्या गप्पा लिहिल्या. आज नियमाने लिहिते.

तारीख: २१ ऑक्टोबर, मंगळवार.
मिनिट: दुपारचे दोन वाजून गेले होते.
मी कुठे उभी होते: दारात. उंबऱ्याच्या आत.
काय दिसलं: सगळं.
काय करायला हवं होतं: मान खाली-वर हलवायची. एवढंच. शब्दसुद्धा लागत नव्हता.

गोल तेव्हा झाला. त्या शनिवारी मी मैदानात गेले ती फक्त जाळ्यातला बॉल काढून आणायला.